ओढून आणायचं घर

जेवणाचं टेबल पुसून क्लोदोमिरोने
खताच्या पोत्याचा कागद उलटा पसरला
आणि मधोमध एक उभी रेघ मारली.
डावीकडे: कास्त्रोतलं तयार घर,
नव्या वसाहतीत, पिवळं, भिंतीला भिंत लागून,
शेजारी शिंकला तर आपलं सूप हलेल असं.
वीस वर्षांचे हप्ते.
उजवीकडे: आपल्याच टेकाडावर, पायापासून.
लाकूड, पत्रे, खिळे,
आणि दालकाउएचा सुतार, जो मार्चमध्ये येतो म्हणाला,
कुठल्या मार्चमध्ये ते बोलला नाही.

बेरीज दोन्हीकडे रडकी.
पेन्सिलीचं टोक मोडलं. यास्नाने दातांनी कोरून दिलं.

घर पाहावं बांधून, असं म्हणणाऱ्यांनी
आमच्या बेटावरचा वारा पाहिला नसावा.
भाड्याच्या या दोन खोल्यांत अकरा हिवाळे गेले.
कोपऱ्यातल्या गळतीखाली बादली असते,
यास्नाने तिचं नाव ठेवलंय फेलिसा.

मग मीच म्हणाले, चुलीकडे तोंड करून:
एर्मिंदा रेमोल्कोय घर विकतेय.
जमीन नाही. नुसतं घर.

खाडीपलीकडे, पुतण्याच्या मालकीच्या उतारावर,
आलेर्सेच्या फळ्यांचे खवले अंगभर,
पावसाने राखाडी झालेलं, एखाद्या म्हाताऱ्या माशासारखं.
तिला मुलीकडे जायचंय, पुएर्तो मोंतला.
पुतण्याला तिथे बटाटे लावायचेत.
कुणी नेलं तर घर, नाहीतर सरपण.

क्लोदोमिरोच्या दोन रकान्यांत याला जागा नव्हती.
त्याने रेघेवरच लिहिलं, आडवं, बारीक:
एर्मिंदा.

रविवारी ओहोटीला गेलो.
बैलाचे दात बघावेत तसे त्याने तुळयांचे सांधे बघितले,
उंबऱ्यात चाकू खुपसला, बोटभर आत गेला.
ती बघत होती, हातात कपबशी तशीच.
म्हणाली, दोन तुळया सडल्यात, मी लपवत नाही.
आतल्या खोलीला माझ्या नवऱ्याच्या औषधाचा वास आहे.
तो किमतीत धरलेला नाही.
मग किंमत सांगितली.
इतकी कमी, की आम्ही दोघं जमिनीकडे बघू लागलो.

पण घर उचलून आणायचं म्हणजे
सात जोड्या बैल, उतारावरून किनाऱ्यापर्यंत,
मग भरतीवर तराफ्यासारखं, दोन होड्यांच्या मागे,
मग अलीकडे पुन्हा बैल, पुन्हा चढ, पुन्हा आरडाओरडा.
याचे पैसे कुणी घेत नाही. तीच तर अडचण.
पैशाऐवजी दिवस द्यावे लागतात.

रात्री त्याने नवा कागद घेतला.
बार्रिया: कुंपणाचे दोन दिवस.
नाउएल्किन भाऊ: बटाट्यांची काढणी, सगळ्या शेताची.
रोसालिंदोचे बैल सगळ्यात ताकदवान,
त्याच्याशी आपण चार वर्षं बोलत नाही, तर
आधी बोलणं, मग दिवस.
मी मेंढीचं मटण आणि सफरचंदाची चिचा मांडली,
साठ माणसं, की ऐंशी?
बँक वीस वर्षांनी एक कागद देऊन मोकळं करते.
या कर्जाला कागद नाही.
आपण थकलो की ते यास्नाकडे जाईल.
तिला विचारायला हवं, मी म्हटलं.

विचारलं.
ती बारा वर्षांची, गृहपाठाच्या वहीवर रेलून बसलेली.
दिवसांचं तिला काहीच वाटलं नाही. म्हणाली,
तिथे त्या घराची मोठी खिडकी पाण्याकडे आहे.
इथे आणल्यावर ती काय बघेल?

क्लोदोमिरोने बूट चढवले.
खूप वेळ मला आमच्या टेकाडावर
टॉर्चचा उजेड दिसत होता, थांबणारा, फिरणारा,
आणि लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज येत होता.
एक खुंटी ठोकली. मग उपटली.
मग पुन्हा ठोकली, चार पावलं पूर्वेला.

फेलिसा भरत आली होती.
मी ती ओतून आले, आणि परत जागेवर ठेवली.