रंग कुठं अडला

तिसऱ्या दिवशी गेले तेव्हा पोर पिवळं होतं.
वहीत लिहिलं : कावीळ, नेहमीची.
सातव्या दिवशीही पिवळं. सांगितलं,
कोवळ्या उन्हात धरा दहा मिनिटं.
मे महिना. सोलापुरात कोवळं ऊन
सव्वासहालाच संपतं,
हे माहीत असून सांगितलं.

चौदाव्या दिवशी वजन वाढलेलं,
अंगावर नीट पीत होतं.
श्रीलता तेंदूची पानं कापता कापता म्हणाली,
ताई, शी बघा कशी पांढरीशुभ्र,
दुधावरचं पोर, दुसरं काही पोटात नाही.
मी हसले.
मी हसले हे वहीत नाही.

एकविसावी भेट चुकली.
त्या आठवड्यात सर्वेक्षण होतं,
विडी घरकुलात दारोदार
भिंतीवर खडूनं आकडे टाकत फिरत होते.
बोटांना तोच रंग होता,
आता आठवतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी अंबादास घरी होता,
डाय हाऊसची रात्रपाळी करून आलेला,
नखांच्या कडेनं निळा.
लंगोट म्हणजे टॉवेलच्या कारखान्यातली कापून टाकलेली किनार.
दोरीवरच्या प्रत्येकीवर मुताचा पिवळा डाग,
तीनदा धुऊनही.
एवढ्याशा पोराचं मूत पाण्यासारखं हवं,
एवढं मला शिकवलं होतं.

अंबादासनं खुंटीवरच्या पिशवीतून शेड कार्ड काढलं,
पुठ्ठ्यावर चिकटवलेले सुताचे तुकडे, खाली नंबर.
भरलेला लंगोट दारात, उजेडात नेला
आणि कार्ड शेजारी धरलं.
पिवळ्यावरून गेला, हिरव्यावरून, तपकिरीवरून.
शेवटी पहिल्या तुकड्यावर थांबला.
हे ब्लीच, म्हणाला. रंगात न घातलेलं सूत.
ताई, टाकीत रंग भरलाय आणि सूत असं कोरं आलं
तर आम्ही सुताला बोलत नाही,
पाईप बघतो.
कुठंतरी तुंबलं असणार.
मग रंग गेला कुठं?
त्यानं पोराच्या पापणीला निळं बोट लावलं
आणि पुढं काही बोलला नाही.

सिव्हिलमध्ये डॉक्टर कुलसुम बागवान
पोराच्या अंगाकडं नंतर वळल्या.
आधी म्हणाल्या, लंगोट आणलाय का?
आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून.
लॅबला फोनवर : एकूण किती ते राहू द्या, डायरेक्ट सांगा.
अकरातले सात.
त्यांनी सात लिहिला, त्याभोवती गोल केला,
पेन गोलावरूनच फिरत राहिलं.

सोनोग्राफीसाठी चार तास उपाशी.
श्रीलताचा पदर पाझरत होता
आणि पोर तिच्याच मांडीवर रडत होतं.
पडद्यावर पित्ताची पिशवी शोधली.
एक रेघ सापडली. सुकलेल्या चिंचेएवढीही नाही.

मग पुणे. तिथं शिरेतून औषध सोडलं.
यकृतात उतरलं.
आतड्यात कधी येतं बघायला चोवीस तास कॅमेरा.
रात्री अंबादासचा फोन : आलं नाही अजून.
सकाळी फोन : आलं नाही.
पोट उघडूनच खात्री होईल म्हणतात.
नळी नसेल तर आतडंच वर ओढून जोडतात,
साठ दिवसांच्या आत केलेलं बरं.
आज किती, ताई?
मी वही उघडली.
मोजायची गरज नव्हती, तरी मोजलं.
अडतीस.
मग चौदा ओळींवर मागं गेले,
तिथं माझ्याच अक्षरात : बाळ ठीक.

बारसं राहिलंय. केस पेपरवर अजून
'श्रीलता येमूलचं बाळ'.

जाताना अंबादासनं कार्डाची एक पट्टी कापून दिली होती.
ती वहीत ठेवलीय, भेटींच्या पानात.
आज साखर पेठेत, दहा दिवसांची मुलगी,
तिची आई लाजते, आतून सासू विचारते,
शी काय बघायची असते का ओ ताई?

बघायची असते.
पंखा बंद करा, पडदा सरकवा.
दारात आणा.