कच्चा टाका

ऐरोली, सेक्टर पाच, दुकान नंबर अकरा.
शटरच्या आत मी, मशीन
आणि पोटाला चिकटवलेली पिशवी,
जी गिऱ्हाइकांना माहीत नाही.
साडी जरा वर नेसते, एवढंच.
पिशवी कधी मध्येच बोलते.
तेव्हा मी पाय जोरात मारते.

मोठं आतडं घाईत काढलं,
रात्री अडीच वाजता, हरेशची सही घेऊन.
मग सावकाश शोधायला बसले
की ते नेमकं काय होतं.

पहिला रिपोर्ट म्हणाला, अल्सरेटिव्ह कोलायटिस.
दुसरा: क्रोन्स नाकारता येत नाही.
नाकारता येत नाही!
स्थळाकडून असा निरोप आला असता
तर आईने त्याच दिवशी पत्रिका परत मागवली असती.

तिसऱ्यांदा वाशीच्या बाईंनी
मेणात बुडवलेले माझे तुकडे नव्याने कापले,
पापुद्र्याहून पातळ. मला फोनवर दाखवले.
जांभळं, गुलाबी, बारीक बुट्ट्यांचं.
असं कापड मी कुणाला सुचवलं नसतं.
"ग्रॅन्युलोमा दिसला नाही," त्या म्हणाल्या,
"पण न दिसणं म्हणजे नसणं नव्हे."
इतकं खरं बोलायची गरज नव्हती त्यांना.

डॉक्टर आठल्ये कागदावर इंग्रजी जे काढतात.
लहान आतड्याचं शेवटचं टोक वर दुमडायचं,
दोन पदर शेजारी, मधली भिंत कापायची,
कडा शिवायच्या, की झाली थैली.
खाली जोडली की पोटावरची पिशवी गेली.
"म्हणजे उलटी घडी आणि बंद शिलाई," मी म्हटलं.
ते हसले. तुम्हाला समजावणं सोपं आहे, म्हणाले.

पण शिलाईचं मी विचारतच नव्हते.
मी कापडाचं विचारत होते.
विरलेल्या कापडाला टाका धरत नाही,
टाक्याच्या शेजारीच फाटतं, हे मला कुणी शिकवायला नको.
आणि क्रोन्स असेल तर
तोंडापासून खालपर्यंत कुठेही,
मध्ये चांगलं सोडून पुढे पुन्हा,
जसा उंदीर घडीत शिरतो
आणि कापड उलगडलं की
अंतराअंतरावर तेच भोक.

"थैली बिघडली तर?"
"काढावी लागेल. तेवढं आतडंही जाईल."
"मग?"
"मग पिशवी. कायमची."
"आणि चांगली निघाली तर?"
तर काय, हे त्यांनी खूप वेळ सांगितलं.
मी ऐकलं नाही, मी कागदावरचा जे बघत होते.
मासे पकडायच्या गळासारखा.

दिवागावच्या सासूबाई म्हणतात,
"नाव नाय त मंग दवा कशाची देतान तुला?"
याचं उत्तर तिन्ही रिपोर्टांत नाही.

मंगळवारी ओठाच्या आत फोड आला.
रात्री न्हाणीत टॉर्च धरून बघत बसले.
लोणचं असेल. दाताखाली आला असेल ओठ.
की तोच?
ऋतिका उठली. "आई, दात दुखतोय?"
"हो," म्हटलं. दात.
दाताला निदान एक नंबर तरी असतो.

आता अजून सहा महिने थांबायचं ठरलंय.
लहान आतड्याचा एमआरआय, पुन्हा दुर्बीण, पुन्हा रक्त.
हरेश म्हणतो, लावून टाक एकदाचा निकाल.
मी खडूने आखते आणि पुसते.
खडू पुसता येतो.

काल समोरच्या बिल्डिंगमधल्या कुट्टी मॅडम आल्या,
पाचवा महिना, ब्लाउज हवाय बारशाला.
"तेव्हा माप काय असेल कोण जाणे," त्या म्हणाल्या.
मी पांढरा दोरा ओवला.
लांब, सैल, कच्चा टाका घातला.
"घालून बघा. पक्कं नंतर."
"नंतर म्हणजे कधी?"

तेवढ्यात पिशवी बोलली.
मशीन बंदच होतं.
त्यांनी ऐकलं. माझ्याकडे पाहिलं.
मी दोरा दाताने तोडला.