हाडाचा पोस्टमन

मुलीने दक्षिणेहून पाठवलंय हे,
पुंता आरेनासहून, लोकरीच्या मोज्यात गुंडाळून:
मानेमागून जाणारी एक बारीक तार
आणि टोकांना दोन चकत्या, चिंचोक्याएवढ्या.
"कानात नाही घालायचं, बाबा. कानापुढे, गालाच्या हाडावर."
तरी पहिल्या दिवशी मी ते कानातच कोंबत होतो.

सत्तावीस वर्षं टपाल वाटतोय
वालपरायसोच्या टेकड्यांवर.
पायऱ्या मोजणं मी कधीच सोडलं, आता गुडघे मोजतात.
कानांत बोळे घालून इथे चालणारा माणूस
पहिल्याच वळणावर कुत्र्याच्या तोंडी जातो.
म्हणून इतकी वर्षं ना गाणी, ना फुटबॉलची कॉमेंट्री.
फक्त माझा दम
आणि पिशवीच्या बंदाची कुरकुर.

आता कपाळाच्या आतून कुणीतरी बोलतं
आणि बाहेरचं जग जागच्या जागी असतं:
गॅसवाला सिलिंडरवर पाना आपटतोय,
खाली बंदरात क्रेन कण्हतेय,
पिवळ्या पत्र्याच्या घरापाशी तीन पायांचा मिनिस्त्रो
भुंकण्याआधी जो श्वास घेतो
तो श्वाससुद्धा.

सुखाचं म्हणाल, तर
पहिला आठवडा चष्म्याशी भांडण्यात गेला.
कानामागे जागा ती केवढी, आणि तिच्यावर दोघांचा दावा.
टोपी घातली की तार वर सरकते,
मान मागे टाकून वरच्या मजल्याला हाक मारावी
तर कॉलरला अडते.
ढोल वाजला की गालाला गुदगुल्या,
मी एकटाच हसतो, बायका खिडकीतून बघतात.
पाव चावताना बातम्या चिरडल्या जातात.
पण संध्याकाळी काढून ठेवतो
तेव्हा कान दुखत नाहीत, घामेजत नाहीत.
दिवसभर काही घातलं होतं
हे कानांच्या गावीही नसतं.

वारा सुटला की मात्र समुद्र जिंकतो.
मग दोन्ही कानांत बोटं घालायची.
गंमत बघा, कान बंद आणि आवाज दुप्पट!
नेमक्या याच अवतारात
मला दोन्या ओटिलियाने पाहिलं.

ती नव्वदीची. कान कधीचे मिटलेले.
पेन्शनच्या पाकिटामागे लिहून लिहून
आम्ही गप्पा मारतो.
"माझाही एवढा वैताग आला तुला?" ती ओरडली.
काय लिहिणार? काढलं, आणि तिलाच चढवलं.
कातडी पाकिटावरच्या पातळ कागदासारखी,
खाली हाड मात्र खणखणीत.

रायेनचा कालचा निरोप लावला.
"बाबा, इथे साडेपाचलाच अंधार पडतो.
मोजे घालतोस ना?"

ओटिलिया उभी. हातात वीजबिल.
खूप वेळाने म्हणाली,
"कोण आहे ही पोरगी?
तिला सांग, घातलेत."

गाणं लावू का, मी खुणेनं विचारलं.
नको म्हणाली, गुदगुल्या होतात.
"उद्या त्या लंगड्याचं भुंकणं आण.
दारातून नुसता जबडा हलताना दिसतो."

हाडाचा पोस्टमन म्हणतात मला,
सांगितलेलं पोचवणारच.
सकाळी सातला पिवळ्या पत्र्यापाशी उभा,
फोन पुढे धरलेला.
मिनिस्त्रो माझ्याकडे बघतो, फोनकडे बघतो,
शेपूट हलवतो.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच
मी त्याच्यापुढे हात जोडतो:
भुंक ना रे, बाबा.