हरकत क्रमांक सदतीस

जुनी नियमावली एकोणीस पानांची.
तिच्यात शहराला उतार होता
आणि उताराच्या शेवटी नदी.
मला सुधारित मसुदा करायचा होता:
पावसाळी पाण्याचा निचरा, भूखंडांची पातळी,
भरावाची कमाल उंची.
'कमाल'खाली पेन्सिलनं रेघ मारून
साहेब रजेवर गेलेले.

मी आणि इलाही मुल्ला निघालो,
लेव्हल, तिपाई, चार मीटरचा स्टाफ घेऊन.
सांगलीच्या त्या अंगाला, कृष्णेपासून बरीच आत,
काळ्या मातीची वसाहत, गुंठ्यागुंठ्यानं विकलेली.
नकाशात बेंचमार्क होता,
पिठाच्या गिरणीच्या पायरीवर कोरलेला बाण.
गिरणी सापडली. पायरी नाही.
"तीनदा रस्ता झाला की हो," गिरणीवाला म्हणाला
पांढऱ्या भुवया झटकत,
"बाण खाली हाय. तुम्ही उभ्या हाय बघा, तितंच."
मी पाय बाजूला घेतला,
झोपलेल्या माणसावरून घ्यावा तसा.

इलाही स्टाफ धरतो तेव्हा श्वासही सरळ घेतो.
दारादारांत तो उभा राहिला, मी आकडे लिहिले.
"ह्याचं जोतं त्याच्यापरास फूटभर वर,
त्याचं ह्याच्यापरास दीड.
लिलाव चाललाय, मॅडम.
आन् पाणी बसलंय खाली, बोली न लावता."

हरकती आणि सूचना आल्या त्रेपन्न.
एकाचं म्हणणं, भराव हा मालकाचा हक्क.
एकाची तक्रार, तुमच्या नकाशातला नाला
माझ्या बेडरूममधून जातो.
(तो जातो. आम्ही पाहून आलो.)
सदतिसावी, शालन भूपाल मगदूम, वय बहात्तर,
वहीच्या आखीव पानावर:

*लग्न होऊन आले तेव्हा
दोन पायऱ्या चढून घरात गेले.
आता तीन उतरून जाते.
मी घर हलवलेलं नाही.*

खाली कारकुनाची नोंद:
सोबत सुतळी, नग एक.

सुतळीला सात गाठी.
उंबऱ्यापासून वर, प्रत्येक पाण्याची एक.
*ही पहिल्या डांबराची.
ही शेजारच्या अपार्टमेंटची.
ही गटार वर उचललं त्या वर्षाची.
महापुराच्या गाठी मारल्या नाहीत,
ते नदीचं नदी बघून घेईल.
ह्या माणसांच्या.*

मी तिच्या भिंतीवरचे डाग मोजले, सुतळी टेबलावर ताणली.
सातव्या गाठीला यंत्रात आणि तिच्यात
पाच मिलिमीटरचा फरक.
चूक बहुधा यंत्राची.

सगळ्यात खालच्या गाठीला कारण लिहिलेलं नाही.
नुसतं वर्ष.
त्या वर्षी मी नववीत होते.
तिच्या मागच्या गल्लीत आमचं बांधकाम निघालं,
बाबांनी बोनसमधून सव्वीस डंपर मुरूम टाकला.
लाल ढिगावर चढून आम्ही भावंडं ओरडलो होतो,
पूल दिसतोय, पूल दिसतोय.
तिच्या मोरीकडे कोण बघणार.

रात्री कलम अकरा लिहिलं:
*कोणत्याही भूखंडावर असा भराव करता येणार नाही
ज्यायोगे लगतच्या भूखंडाचे पाणी अडेल.
पूर्वी केला असल्यास*
इथं मी थांबले.
चहा केला. तो गार झाला.
*केला असल्यास, मालकाने स्वखर्चाने चर काढून द्यावा.*

साहेब आले. 'पूर्वी'ची ओळ खोडली,
म्हणाले, अर्धं गाव कोर्टात जाईल.
मी ती परत लिहिली. त्यांनी परत खोडली.
तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं समासात
प्रश्नचिन्ह काढलं.

सोमवारी गठ्ठा वर जायचा होता.
शिपायाला दोरा मिळाला नाही,
हाताशी होती ती सुतळी त्यानं आवळली,
सातही गाठी बाहेरून दिसतील अशी.
मी सोडली नाही.

संध्याकाळी इलाहीला फोन केला:
उद्या सुट्टी आहे, स्टाफ नको आणूस,
एक टिकाव, एक फावडं.
चर कुठून सुरू करायचा ते
मला लहानपणापासून माहीत आहे.