वॉलची चावी

एकतीस वर्षं मी शुक्रवार पेठेत पाणी सोडलं.
पहाटे साडेतीनला, सायकलच्या दांडीला बांधलेली
टी-आकाराची लोखंडी चावी
आणि कुत्र्यांच्या ओळखीची माझी ढास.
तेरा आटे उघडले की साळोख्यांची गल्ली,
नऊला मुजावरांचा बोळ,
तालमीपाशी मात्र सात आणि अर्धा;
तिथला पाईप संस्थानच्या काळातला,
जास्त सोडलं की फुटायचा.

आधी नळातली हवा यायची, मग कुणाची तरी कळशी,
मग आक्काताई साळोख्यांचा गळा:
"नंबर माझा हाय!"
तालमीतली पोरं जोर मारायचे थांबून
बघायला यायची.
अशाच एका भांडणात शमीम मुजावरला कळलं
की आक्काताईची सून आत अडलीय.
हंडा धार लागलेला तसाच सोडून ती आत गेली.
पोरगी झाली म्हणे.
मी बघितलं नाही, मी पुढच्या वॉलवर होतो.
मला गल्ल्यांच्या गोष्टी कायम अर्ध्याच कळल्या.

पुढं नळ दारात आले, मग मोरीत,
मग मोटर, मग गच्चीवर काळ्या टाक्या.
चांगलंच झालं.
जुनं ते सोनं म्हणणाऱ्यानं
एकदा दोन हंडे घेऊन आक्काताईचा जिना चढून बघावा.
पण भरलेल्या टाकीखाली माणूस
दार उघडायचं विसरतो, हेही खरं.
आता गल्लीत भांडण होत नाही. ग्रुपवर होतं.
नातवानं मलाही त्यात घातलंय:
सहा वाजता गुलाबाची फुलं,
सव्वासहाला कुणाच्या तरी सात पिढ्या.

महापुरात पाणी
माझ्या चावीला न विचारता आलं.
तालमीच्या माडीवर आम्ही अठ्ठावीस जण,
एक पातेलं भात, एक रॉकेलची चिमणी,
आणि फळीवर शेजारी शेजारी
गणपतीचा पाट, पंजांची पेटी,
दोन्ही तालमीचीच, म्हणून दोन्ही आधी वर नेलेली.
पाणी उतरल्यावर भिंतींवर रेघ राहिली,
साऱ्या घरांना एका उंचीवर.
दिवाळीच्या आत ज्यानं त्यानं
आपापला रंग मारून ती बुजवली.

आणि मग त्या उन्हाळ्यात
कुणा मिसरूड न फुटलेल्या पोरानं
मोबाईलवर स्टेटस ठेवलं.
चोवीस तासांत आपोआप पुसलं जाणार होतं ते.
तेवढाही दम कुणाला निघाला नाही.
दुपारपर्यंत शटरं खाली, रस्त्यावर चपला,
मुजावरांच्या पंक्चरच्या दुकानाची काच फुटपाथभर.
संध्याकाळी वरनं कुणीतरी इंटरनेट बंद केलं.
मला त्या माणसाचं नवल वाटलं.
कुठल्या गल्लीला किती आटे,
कुठला पाईप जुना,
ठाऊक असेल का त्याला?
का नुसतंच फिरवलं, पार शेवटापर्यंत?

मोबाईल मुके झाले तशी माणसं दारात आली.
कैक वर्षांनी एवढी माणसं दारात.
पण कुणी उंबरा उतरलं नाही.
साळोख्यांचे साळोख्यांकडं बघत होते,
बोळातले बोळाकडं.
पोलिसांची गाडी फिरून गेली.

रात्री साडेतीनला मला जाग आली, अजून येतेच.
सगळं चिडीचूप. आणि त्यात
आक्काताई, चौऱ्याऐंशीची, ठार बहिरी,
दिवसभर काय झालं याचा पत्ता नसलेली,
जिन्यात बसून ओरडली:
"शमे, पाणी आलं काय गं?"

कुणीच बोललं नाही.
एक खिडकी लागल्याचा आवाज झाला.
मी श्वास धरून बसलो.
दाराआड माझी जुनी चावी उभी होती,
परत करायची राहून गेलेली,
आणि माझी बोटं गोधडीवर आटे मोजत होती.
पाच. सहा. सात.

मग बोळातनं, झोपेनं जड,
त्या बहिरीला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात,
"न्हाई आलं, म्हातारे. नीज आता."

आणि अर्धा.