दोन बरण्या

फैजपूरच्या आमच्या कॉलेजात ते यंत्र नाही.
म्हणून हरभऱ्याची मुळं गाठींसकट बरणीत घालायची,
रबरी बूच लावायचं, सुईने ॲसिटिलीन सोडायचा
आणि गाठींना फसवायचं.

फसतात.
नायट्रोजनसारखाच तिहेरी बंध याचाही,
अंधारात हाताला तसाच लागतो.
त्या तो सोडवत बसतात
आणि बाहेर पडतो इथिलीन,
सावद्याच्या पिकवणीच्या खोल्यांत सोडतात तोच,
ज्याने हिरवी फणी चार दिवसांत पिवळी होते.

हे मी रुबाब तडवीला सांगितलं, ही माझी चूक.

रुबाब बरण्या धुतो. त्याआधी बावीस वर्षं
केळीचे घड वाहिले, बागेतून ट्रकपर्यंत,
खांद्यावर चिंध्यांची गादी, एका खेपेला एकच घड.
दोन घेतले की साल काळी पडते.
त्यामुळे लोहप्रथिन त्याला लवकर समजलं,
एम.एस्सी.च्या पोरांपेक्षा लवकर :
दोन सारखे भाऊ, दोघांनी मिळून धरलेला एक ठोकळा,
चार लोखंड, चार गंधक, आळीपाळीने कोपऱ्यांवर.
येतात, टेकतात, एक इलेक्ट्रॉन उतरवतात,
मजुरीचे दोन एटीपी मोडतात, सुटतात, परत जातात.
अशा आठ खेपा झाल्या
की एक नायट्रोजन फुटतो.
आणि एक हायड्रोजन सुटून जातो, दर सौद्याला, फुकट.
‘अडत,’ रुबाब म्हणाला
आणि बरणी उपडी ठेवली.

खोल आत, जिथे माल उतरतो,
तिथलं गाठोडं मी फळ्यावर काढलं.
सात लोखंड, नऊ गंधक, टोकाला एक मॉलिब्डेनम,
पोटात एकटा कार्बन,
जो कितीतरी वर्षं कुणाला दिसलाच नव्हता.
‘कोय,’ तो म्हणाला. केळ्याला नसते ती.

हवा यातल्या कुणालाच सोसत नाही.
लोहप्रथिन उघड्यावर पाऊण मिनिटात निम्मं गारद.
हवेतूनच घ्यायचं आणि हवेनेच मरायचं!
यावर मोकळ्या मातीतल्या एका जिवाणूने
एक गडी ठेवलाय, तोही लोखंड-गंधकाचाच.
झुळूक आत शिरली की तो मध्ये पडतो,
दोन्ही प्रथिनांना घट्ट धरून ठेवतो, काम बंद.
झुळूक ओसरली की सोडतो.
हरभऱ्याचा बंदोबस्त वेगळा : गाठ कापा, आत गुलाबी.
रुबाबने नखाने कापली.
बोटाला लागलेलं त्याने पुसलं नाही,
खिडकीपाशी जाऊन बघत राहिला.

सोमवारी तिथेच एक बरणी दिसली.
आत मुळं, मुळांवर एक हिरवं केळं.
गॅससाठी कार्बाइडचा खडा समोरच्या वेल्डिंगवाल्याकडून
चहाच्या बदल्यात.
‘पिकलं तं गाठी कामाच्या.’

थंडी होती, तरी शुक्रवारी पिकलं.
दोन्ही हातांत धरून आणली त्याने बरणी.
आता मला सांगावं लागलं
की ॲसिटिलीन नुसता असला तरी केळं पिकतं,
गाठी झोपल्या असत्या तरी पिकलं असतं,
यातून काहीच सिद्ध होत नाही, रुबाबभाऊ.

तो वाकला. टेबलाखालून दुसरी बरणी काढली,
तोच खडा, तेवढंच पाणी, मुळं नाहीत.
‘मले वाटलंच व्हतं.’

तेही पिवळं. जरा कमी.
जरा म्हणजे किती?
ते सांगणारं यंत्र जळगावला,
आणि जळगावची तारीख फेब्रुवारीतली.

नोंदवहीत मी लिहिलं :
दोन्ही पिकली. बिनमुळांचं देठाशी
बोटभर हिरवं.
खाली सही केली, मग खोडून
आधी त्याची घेतली.
एकेका बरणीवर कोण विश्वास ठेवणार, असं म्हणत
तो आज सकाळपासून
चोवीस धुतोय.