खलाशी

पाटबंधारे खात्यात माझ्या हुद्द्याचं नाव होतं खलाशी.
समुद्र पाहिला नाही कधी.
समुद्रसपाटी मात्र ठाऊक आहे, सेंटीमीटरपर्यंत;
झिरो फाट्याच्या अलीकडं, बाभळीच्या बुडाशी
एका दगडावर लाल रंगात लिहिलेली असायची.

बत्तीस वर्षं पट्टी धरून उभा राहिलो.
साहेब दुर्बिणीला डोळा लावून ओरडायचे, "सरळ धर, सरळ!"
त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं.
म्हणजे खात्यानं मला पाहिलं ते असं,
डोकं खाली, पाय आभाळात.

आता जयमाला म्हणते, या.
अरुशाच्या दवाखान्यात नर्स आहे ती.
सिंह दाखवते, हत्ती दाखवते,
विवराच्या कडेवर तंबूत एक रात्र काढू.
"फक्त उंचीचं बघा, बाबा. दोन हजार तीनशे मीटर.
आईला दम लागंल."

लेव्हल बुकाची मागची पानं कोरी होती.
परभणी, चारशेच्या आसपास.
अरुशा, चौदाशे. तिथं दोन मुक्काम.
मग कडा.

कालव्याला उतार किती देतात?
किलोमीटरला वीतभर.
पाण्याला कळूच द्यायचं नसतं की ते उतरतंय.
कळलं की धावतं, काठ खातं.
रक्ताचंही तसंच असणार,
त्याच्या नकळत त्याला वर न्यायचं.

डॉक्टर काझी म्हणाले, पाणी भरपूर, जेवण हलकं,
पहिल्या दिवशी मिरवायचं नाही.
डोकं ठणकलं, ओकारी आली,
तर लाज न धरता खाली या.
उतरणं हेच औषध.
"खाली म्हणजे किती खाली?" कौसानं विचारलं.
डॉक्टरांच्या आधी मीच बोललो,
"आदल्या रात्री जिथं बरी झोप लागली, तिथवर."
इतक्या वर्षांत आकडा पहिल्यांदा मी सांगितला.

रोज पहाटे स्टेशनचा दादरा.
एक्केचाळीस पायऱ्या वर, एक्केचाळीस खाली.
माझ्या पाठीवर पाच किलो ज्वारी,
तिच्या पायात नवे बूट, चावणारे.
"कुठं निघालाव, काका? कोणती गाडी?"
"गाडी नाही बापा. नुसते चढायलोत."
हमाल हसतो, विडी विझवतो,
कौसा येईस्तोवर जिना मोकळा ठेवतो.

हत्ती म्हणे त्या कडेवरून खाली जातात, परत वर येतात.
त्यांची पट्टी कोण धरतं?

काल सातव्या फेरीला, सव्विसाव्या पायरीवर
ती थांबली. कठडा घट्ट धरला.
मी शेजारी उभा, सवयीनं ताठ.
"सरळ कशाला उभे राहता," ती म्हणाली,
दोन शब्दांत एक श्वास घेत,
"बसा की."
बसलो. खालून मालगाडी गेली, डबे मोजले नाहीत.

मग तिनं पिशवीतून दुर्बीण काढली,
जयमालानं पाठवलेली, अजून डबीतच होती.
मी डोळा लावला. या बाजूनं पहिल्यांदाच.
सिग्नलवर एक पारवा होता.
सुलटा.